जोशीबुवांची पाच भोकं

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा संपादक निनाद मला म्हणाला, "काकू, तुम्ही इतकी वर्षं जुन्या पोथ्या दुरुस्त केल्यात, तर एखादा अभिमानाचा प्रसंग लिहा ना. फोटो असेल तर मस्तच."

फोटो आहे. त्यात मी मोरपंखी पैठणी नेसून एका काचेच्या पेटीशेजारी उभी आहे आणि चेहरा असा, की पेटीतलं पुस्तक जणू मीच लिहिलंय. तो फोटो मी देणार नाही. का देणार नाही, ते मात्र लिहिते.

आधी कामाबद्दल. माझ्या मिल्टन कीन्समधल्या शेजारणीची वर्षानुवर्षं अशी समजूत होती, की मी रोज ट्रेनने लंडनला जाऊन पुस्तकांवर शिक्के मारते. प्रत्यक्षात मी एका मोठ्या ग्रंथसंग्रहाच्या तळघरात बसून फाटके कागद जोडत होते. हत्यारं म्हणाल तर चिमटा, ब्रश, टीपकागद, हाडाची एक गुळगुळीत पट्टी आणि खळ. खळ म्हणजे गव्हाचं सत्त्व पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत बसायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. दर उन्हाळ्यात कुरडयांचा चीक हाटणाऱ्या घरातली मी मुलगी. पहिल्याच दिवशी माझी खळ बघून माझा वरिष्ठ लेन पातेल्यात वाकून म्हणाला, "माल, हे तू कुठे शिकलीस?" मी म्हणाले, "आमच्या गच्चीवर." मालिनी हे नाव त्याच्या जिभेला फार लांब होतं.

लेन पंधराव्या वर्षापासून पुस्तकं बांधत होता. शिक्षण बेताचं, हात मात्र सोन्याचे. त्याने मला दोन नियम शिकवले. एक, आपण जे चिकटवू ते उद्या पाण्याने सुटलं पाहिजे. म्हणून खळ, बाजारातला पक्का गोंद नाही. दुसरा, दुरुस्ती हातभर अंतरावरून दिसता कामा नये आणि वीतभर अंतरावरून दिसलीच पाहिजे. म्हणजे वाचणाऱ्याला त्रास नाही आणि तपासणाऱ्याची फसवणूक नाही.

दुसरा नियम मला कधीच पटला नाही. वीतभर अंतरावरून तरी का दिसावी? मी चहाच्या पाण्यात कागदाचा लगदा रंगवायचे, पानाच्या रंगाशी तंतोतंत जुळवायचे, भोकात भरायचे आणि हाडाच्या पट्टीने असा घोटायचे की बोट फिरवूनही कळू नये. मग लोकांना म्हणायचे, "शोधून दाखवा." हे माझं पेटंट वाक्य. आता आठवलं की कानाची पाळी गरम होते.

एकदा एक बाई आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. म्हणाल्या, सगळं साफ करा, पण तिसऱ्या पत्रावरचा चहाचा डाग तेवढा राहू द्या, तो आजोबांचा आहे. त्या गेल्यावर मी तळघरात त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. लेन हसला नाही. "त्या बाईला आपलं काम कळतं," एवढंच म्हणाला. मला वाटलं, म्हाताऱ्याला विनोद कळत नाही.

आता जोशीबुवांकडे येते. दमास्कसच्या एका मशिदीत सहा-सातशे वर्षांपूर्वी वेळ सांगण्याच्या नोकरीवर असलेला हा माणूस अरबीत लिहायचा, आणि त्याच्या स्वतःच्या हातची एक पोथी आमच्या संग्रहात होती. पाच नमाजांच्या वेळा काढायच्या, सावलीचं घड्याळ सांभाळायचं, महिन्याचा चंद्र कधी दिसेल ते आधी सांगायचं, वर्षाची कोष्टकं करायची, असं त्याचं काम. आमच्याकडे पंचांग करणारे जोशी असतात तसेच हे, म्हणून मी त्यांचं नाव जोशीबुवा ठेवलं. पुढे सगळं तळघर त्यांना 'जोशी' म्हणायला लागलं. खरं नाव इतकं लांब होतं की लेनने त्याऐवजी मालिनीसुद्धा आनंदाने म्हटलं असतं.

नोकरी वेळेची असली, तरी बुवांचा जीव ग्रहांत होता. त्या काळी सगळ्यांच्याच मते पृथ्वी मधोमध आणि ग्रह तिच्याभोवती फिरणारे. पण असं धरून हिशेब केला की ग्रह सांगितलेल्या जागी सापडत नसत, बुध तर मुळीच नाही. मग जुने विद्वान एक युक्ती करत. वर्तुळाचा मध्य पृथ्वीवरून हळूच बाजूला सरकवून ठेवत. आकडे जुळत, पण तोंडाने म्हणायचं पृथ्वी मध्यात आणि कंपासचं टोक टेकवायचं भलतीकडे. बुवांना हे आवडत नसे. त्यांनी लिहिलंय की कंपास पृथ्वीवरच ठेवून, मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळं चढवून मी बुध जमवला आहे, आधीच्या पानावरची आकृती पाहा.

आणि ते आधीचं पान आमच्या पोथीत नव्हतं. कित्येक शतकांपूर्वीच कुणीतरी फाडून नेलेलं.

हे काही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला अरबी येत नाही. माझ्यापुढे होती ती कसर लागलेली एक पोथी, आणि समोर प्रदर्शन. उद्घाटनाला कुठले तरी राजदूत येणार होते. काम रजिस्टरमध्ये लेनच्या नावावर होतं आणि निम्मी पोथी त्याने केलीही होती. तेवढ्यात त्याच्या बायकोचं ऑपरेशन निघालं आणि तो पंधरा दिवसांच्या रजेवर गेला. जाताना म्हणाला, "घाई करू नकोस. एखादं पान अडलं तर घरी फोन कर."

पोथी जे पान उघडून पेटीत ठेवायची होती, तेच माझ्या वाट्याला आलं. लाल-काळ्या शाईचं देखणं कोष्टक, आणि त्यात अकरा भोकं.

लेनच्या शिकवणीप्रमाणे मी पानाला हात लावण्याआधी त्याचं चित्र काढलं. ऑफिसची वही इंग्रजीत असे, माझी खासगी वही मराठीत. दिवा तिरका धरून पान पाहिलं. सहा भोकं सरळसरळ कसरीची होती, कडा कुरतडलेल्या, वेडीवाकडी. उरलेली पाच बारीक, गोल, एका ओळीत. आणि पान उलटं केलं तर त्या पाचांच्या कडा मागे ओठासारख्या उचललेल्या. सुई टोचली की कागद मागे जसा उचलला जातो, तशा. किडा कागद खातो, ढकलत नाही.

मी वहीत लिहिलं, 'पाच. कड मागे उचललेली. कसर नाही? लेनला विचारणे.'

लेनला विचारलं नाही. फोन माझ्यापासून चार पावलांवर होता. पण लेनने काय सांगितलं असतं ते मला पक्कं माहीत होतं: थांब, हात लावू नकोस, पेटीत दुसरं पान ठेवा. दुसरं पान त्याने दुरुस्त केलेलं होतं. राजदूतांनी त्याचं पान बघितलं असतं, आणि मी पैठणी ड्राय-क्लीनिंगहून आणून ठेवलेली.

अकराच्या अकरा भोकं भरली, पाच ओठ हाडाच्या पट्टीने घोटून सपाट केले, आणि पोथीच्या फाइलमधल्या दुरुस्तीच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'कसरीची भोकं, अकरा, भरली.' चिठ्ठीवर नाव लेनचं, कारण काम त्याच्या नावावर. त्या वेळी यात लबाडी नव्हती, रीतच तशी होती. लबाडीला अजून अवकाश होता.

प्रदर्शनात मी राजदूतांनाही म्हणाले, "शोधून दाखवा." त्यांना सापडलं नाही. रजेवरून आल्यावर लेन पेटीपाशी गेला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "नीट झालंय." मध्ये काच होती, वीतभर अंतरावर त्याला जाता आलं नाही. सांगू सांगू म्हणता मी सांगितलं नाही. मग पोथी कपाटात गेली आणि मीही विसरले. विसरले असं म्हणायची सवय लागली.

दहा-बारा वर्षांनी हदील आली. मूळची अलेप्पोची, इथल्या विद्यापीठात शिकवणारी, लहानखुरी, भरभर बोलणारी. बुवांवर संशोधन करत होती. तिच्या विषयातल्या बऱ्याच लोकांच्या मते बुवांनी बुधाची नुसती बढाई मारली होती, आकृती कधी काढलीच नव्हती. पण कुणा जुन्या वाचकाच्या टिपणात तिला एक ओळ सापडली होती, की फाटलेल्या पानाखालच्या पानावर बारीक टोचे दिसतात. सांगताना ती हवेतच कंपास फिरवत होती. कंपास वरच्या पानावर टेकवला की टोक खालच्या पानात उतरतं. आकृती गेली तरी टोचे राहतील. त्या टोच्यांमधली अंतरं बुवांच्या आकड्यांशी जुळली, तर त्यांनी खरंच आखून पाहिलं होतं हे सिद्ध होईल.

खालून दिवा लागतो ते काचेचं टेबल आम्ही आणलं. पान ठेवलं. दिवा लावला, आणि माझी न दिसणारी भोकं अकरा ढगांसारखी उमटली.

हदीलने वाकून एकेक ढग मोजला. मग म्हणाली, "हे कुणी भरलं?"

विभागप्रमुख बाईंनी फाइल काढली, चिठ्ठी वाचली आणि लेनकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"जागा तर दिसतायत," हदील म्हणाली. "पण अकरातली टोच्यांची कुठली आणि किड्याची कुठली? कड उचललेली होती का, एवढं आठवतं तुम्हाला? शेजारचं एक पान फाटलेलं, दुसरं कुणीतरी मागाहून नव्या कागदावर लिहून घातलेलं. ताडून बघायला काहीच नाही. भर पाण्याने सोडवली तरी घोटून सपाट केलेल्या कडा परत येणार नाहीत. मी एका ओळीतली पाच दाखवली, तर म्हणतील हिने सोयीची निवडली."

लेनने चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा घातला, पानावर वाकला. "मला आठवत नाही, मिस," तो म्हणाला. "पण नाव माझं आहे, म्हणजे मीच केलं असणार. मला दिसायला हवं होतं. असं काही माझ्या नजरेतून सुटायचं नाही, निदान पूर्वी तरी."

मी तिथेच होते, हातात चहाचे दोन कप घेऊन. एक त्याचा होता.

हदीलला त्याची दया आली असावी. ती म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. बघा, इथे जोशींनी स्वतःच काय लिहिलंय." तळघराचा शब्द तीही उचलून मोकळी झाली होती. त्याच पानाच्या समासात बारीक अक्षरात एक टीप होती. तिने बोट न टेकवता ओळ दाखवत अर्थ सांगितला. एका रात्रीचा आकडा चुकला होता आणि लोकांनी युसुफ नावाच्या कारागिराच्या यंत्राला दोष दिला होता. बुवांनी तो आकडा खोडून लिहिलं होतं, की यंत्र बरोबर होतं, माझ्या डोळ्यावर झोप होती, युसुफला बोल लावू नये.

"भला माणूस," लेन म्हणाला.

मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

त्यानंतर लेन आठ महिने राहिला. नेहमीच्या कामालाही दोन-दोनदा भिंग लावायला लागला. पान पूर्ण झालं की मला बोलवायचा, "माल, तू बघ, काही सुटलंय का." त्याचं काम मी तपासायचे, मान डोलवायचे. डोळे तपासून आला, डॉक्टरांनी सांगितलं नजर उत्तम आहे. "त्यांना काय कळतंय," तो म्हणाला, "ते भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात." आणखी दोन वर्षं त्याला सहज काढता आली असती. पण अर्ज दिला आणि मुलीजवळ साउथहॅम्प्टनला राहायला गेला. निरोपाच्या दिवशी आपली हाडाची पट्टी माझ्या हातात ठेवून म्हणाला, "तुझे डोळे चांगले आहेत. तुझ्याकडे असू दे."

मी घेतली. निवृत्त होईपर्यंत त्याच पट्टीने काम केलं. दर ख्रिसमसला त्याचं कार्ड यायचं, मी दिवाळीचं पाठवायचे. चार वर्षांपूर्वी त्याच्या मुलीने, कॅरलने, तो गेल्याचं कळवलं. गुडघ्याचं कारण सांगून मी अंत्यविधीला गेले नाही. गुडघा तेव्हा उत्तम होता. आता खरंच गेलाय, ते असो.

आणि यंदा मार्चमध्ये हदीलचा मेल आला. आता तीही केस पिकलेली प्रोफेसर आहे. बुवांवरचं तिचं पुस्तक छापायला चाललं होतं, त्यातलं एक पान तिने मला नजरेखालून घालायला पाठवलं. रविवारची दुपार होती. माझी नात ईरा, वय चौदा, सोफ्यावर लोळत होती. मला स्क्रीनवरचं बारीक दिसत नाही म्हणून तिनेच वाचून दाखवलं. तिथे लिहिलं होतं, की पानावरचे टोचे एका जुन्या कारागिराने, हेतू चांगला असूनही, उतारवयातल्या नजरेमुळे किड्याची भोकं समजून बुजवले आणि त्यामुळे बुवांच्या आकृतीचा प्रश्न कायमचा अनिर्णित राहिला. पुढे लेनचं पूर्ण नाव.

"हा लेन म्हणजे तुझा फ्रेंड ना आजी?" ईराने विचारलं. "पट्टीवाला?"

"हो."

"ओह नो. म्हणजे होल्स त्याने भरले?"

"हो," मी म्हणाले.

पंचाहत्तर वर्षांची बाई, विचारणारी चौदा वर्षांची, लेन जाऊन चार वर्षं झालेली, नोकरी जायची भीती नाही, कसलीच भीती नाही. आणि तरी तोंडातून 'हो' निघालं, अगदी सहज, शेजारणीला 'बरं चाललंय' म्हणावं तसं. तरुणपणीच्या मालिनीला मी आजवर सगळ्या गोष्टीत धारेवर धरत आले होते: पैठणी, पेटंट वाक्य, नकला. ती मूर्ख होती, असं म्हटलं की मी सुटायचे. त्या दुपारी सोफ्याशेजारी तीच बसली होती, गुडघ्यासकट.

लेनचा पहिला नियम असा, की चुकलं तर पाण्याने सुटलं पाहिजे. छापलेलं पान पाण्याने सुटत नाही.

मी ईराला लॉफ्टवर चढवलं आणि निळी सुटकेस खाली काढायला लावली. जुन्या वह्या तिच्यात होत्या. ते पान मी उघडलं: अकरा भोकांचं चित्र, खाली माझं अक्षर. ईरा शनिवारच्या मराठी वर्गाला जाते. पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त कुठे देवनागरी दिसली की तिला वाचून दाखवायचं असतं. बोट ठेवत ठेवत वाचलं, "कसर नाही. लेन-ला वि-चा-र-णे." मग माझ्याकडे बघितलं. "मग विचारला तू?"

"नाही."

"का?"

"मला फोटो काढून घ्यायचा होता."

तिच्या वयाची मुलं आता लगेच लेक्चर देतात, तिने नाही दिलं. वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आपण हदीलला फोन करू या. मी डायल करते."

दोन दिवसांनी मी वही घेऊन लंडनला गेले. तेच तळघर, नवं काचेचं टेबल. हदीलने पान ठेवलं, दिवा लावला, शेजारी माझी वही उघडली. मी एकेक शब्द इंग्रजीत सांगितला. तिने मोजपट्टी लावली, माझ्या चित्रातली पाच आणि पानावरची पाच ताडून पाहिली, आकडे लिहिले, पुन्हा मोजलं. बुवांनी दिलेल्या अंतरांशी ती पाचही जुळत होती. पहिलं टोक पृथ्वीवर, जिथे ठेवलं म्हणाले होते तिथेच. त्यांनी खरंच आखून पाहिलं होतं.

मला वाटलं ती हसेल. तिने दिवा बंद केला.

"ही वही तेव्हाही तुमच्याकडे होती?"

"हो."

"लेनला माहीत होतं?"

"नाही."

"मी त्यांना त्या दिवशी जोशींची टीप वाचून दाखवली," ती म्हणाली. "तुम्ही तिथेच होतात ना?"

"चहा घेऊन."

तिने मान हलवली. वहीच्या पानाचा फोटो घेतला आणि पुस्तकातलं पान बदलते म्हणाली. लेनचं नाव निघेल आणि त्या जागी माझं येईल, चालेल ना, असं तिने विचारलं. मी म्हणाले, पूर्ण नाव घाल, मालिनीला वेलांटी दोनदा आहे. सवयीने केलेला विनोद. ती हसली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

मग साउथहॅम्प्टन. कॅरल साठीची आहे, बापासारखेच रुंद हात. तिने चहा केला, मी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"माझ्या मुलीचं एक चित्रांचं पुस्तक होतं," ती म्हणाली. "पाठ निघालेली. इथे आल्यावर मी डॅडला म्हटलं, तेवढी बांधून द्या. नाही म्हणाले. आता मला दिसत नाही, मी काहीतरी बिघडवीन, असं म्हणाले. आम्ही ते सेलोटेपने चिकटवलं. पेपर तर रोज बारीक अक्षरांसकट वाचायचे. मला कळायचंच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे त्यांची नजर ठीक होती?"

"शेवटपर्यंत," मी म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगली."

मी पर्समधून हाडाची पट्टी काढून टेबलावर ठेवली. सांगितलं, की ही त्यांनी मला चांगल्या नजरेसाठी दिली होती, तेव्हा ती माझी नाही.

कॅरलने ती उचलली, अंगठा कडेवरून फिरवला. वर्षानुवर्षं घासून घासून त्या कडेला एक खळगा पडलाय, अर्धा लेनच्या अंगठ्याचा, अर्धा माझ्या. मग ती उठली आणि पट्टी कपाटाच्या खणात ठेवून आली.

'असू दे, ठेवा तुमच्याकडेच,' असं काही ती म्हणाली नाही. ती म्हणेल असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तिने म्हणावं म्हणून मी पर्सची चेन अजून लावली नव्हती.